आज कसं आहे डोकं?

ताईकडे राहायला गेले की सकाळी एक प्रश्न हमखास ऐकू यायचा. भाची डोळे चोळत खोलीबाहेर आली की ताई ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारायची, "आज कसं आहे डोकं?" भाची क्षणभर थांबायची, आत कुठेतरी डोकावून बघितल्यासारखं करायची आणि म्हणायची, "दुखतंय."

तो थांबलेला क्षण माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. माझी कंबर गेली नऊ वर्षं दुखते आहे. मी कामात असते तेव्हा ती मागे कुठेतरी बडबडत असते. कोणी विचारलं की मी लक्ष देऊन ऐकते, आणि ऐकलं की ती मोठ्यांदा बोलायला लागते.

तर भाचीबद्दल. (तिची परवानगी घेतली आहे. "नाव टाकू नकोस, बाकी काय वाट्टेल ते लिही" असं म्हणाली.) नववीत तिचं डोकं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर बघून झाला, सायनस झाला, रक्त झालं, शेवटी एमआरआय. सगळं नॉर्मल! घरात पेढे वाटायचेच बाकी होते. आणि त्याच दिवसापासून तिचं दुखणं 'नाटक' झालं. रिपोर्ट चांगले आहेत ना, मग आता काय? गणिताच्या पेपरालाच बरं दुखतं! एक काकू म्हणाल्या मोबाईल काढून घ्या. आजीने तेवढी मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. मला विचाराल तर सगळ्यांत तिचंच बरोबर होतं, निदान दुखतंय हे तिने मान्य तरी केलं.

फोटोत काही दिसत नाही म्हणून दुखत नाही, हे गणितच चुकीचं आहे. उलट बाजूही बघा. २०१५ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला होता. त्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांतही ३७ टक्के लोकांच्या मणक्याच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे झीज आहे पण दुखत नाही, आणि दुखतंय पण झीज नाही, दोन्ही असू शकतं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं बरेचदा जखमेची बातमी देत नसतं. धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणाच हळवी होऊन बसते, मांजर आलं तरी चोर आल्यासारखी वाजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत (२०२२ पासून लागू) असं दुखणं हाच एक आजार म्हणून नोंदला आहे. म्हणजे 'नाटक' आता अधिकृतपणे बाद.

ओळखायचं कसं? मला वाटतं शब्दांपासून सुरुवात करावी. रोनाल्ड मेलझॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली दुखण्याच्या वर्णनाचे शब्द गोळा करून त्यांची प्रश्नावली केली. आपल्याकडे तर खजिना आहे: कळ, चमक, सणक, ठणका, ठसठस, रग, आग, मुरडा. आणि डॉक्टरांसमोर बसलो की आपण काय म्हणतो? "दुखतंय." नव्या डॉक्टरांनी भाचीला महिनाभर वहीत लिहायला लावलं, तेव्हा तिची दोन दुखणी निघाली. रोजचं, डोक्याला फडकं घट्ट बांधल्यासारखं. आणि महिन्यातून दोन-चारदा एका बाजूला ठसठस, सोबत मळमळ, उजेड नको. त्याच वहीत आणखी एक गोष्ट दिसली. महिन्यातले वीसेक दिवस ती गोळी घेत होती! साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांवर चालल्या की त्यांच्यामुळेच डोकं दुखत राहू शकतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या बंद केल्या. पहिला आठवडा फार वाईट गेला.

(अचानक जोरात उठलेलं दुखणं, ताप, वजन घटणं, हातापायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, असं काही असेल तर वही बाजूला ठेवा आणि तडक डॉक्टर गाठा.)

पुढचा भाग मी माझ्या कमरेकडून शिकले. बरं वाटलं त्या दिवशी मी माळा आवरायला काढायचे आणि पुढचे तीन दिवस आडवी. असं किती वेळा केलं असेल देव जाणे. आता घड्याळ लावते. ओट्याशी वीस मिनिटं, मग बसायचं, बरं वाटत असलं तरी. आणि चालायला जायचं, कंबर कुरकुरत असली तरी. थांबायचं कधी हे कमरेने ठरवायचं नाही. हळूहळू विसाची पंचवीस करायची. भाचीनेही तेच केलं. आधी रोज अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण. दुखलं तरी जायचं, नाही दुखलं तरी एक्स्ट्रा क्लास नाही. झोपेची वेळ रविवारीसुद्धा तीच, ज्यावरून घरात अजूनही भांडणं होतात.

आता इथे वाचणाऱ्या समस्त मावश्या-काकवांनो, रागावू नका. घरच्यांनी दोनच गोष्टी करायच्या असतात, आणि त्या एकमेकींच्या उलट वाटतात. एकदा मनापासून विश्वास ठेवायचा. आणि मग रोज विचारायचं बंद करायचं. आपण नेमकं उलटं करतो, रोज विचारतो आणि एकदाही विश्वास ठेवत नाही. ताईला हे सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "विचारलं नाही तर तिला वाटेल आईला काही पडलेलीच नाही," म्हणाली. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. दोघींनी बसून ठरवलं की आई विचारणार नाही, पण खूपच असेल तर भाची स्वतःहून सांगेल, आणि तिने सांगितलं की कोणी वाद घालणार नाही.

गेल्या महिन्यात ताईकडे होते. सकाळी भाची बाहेर आली. ताईने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "डब्याला पोहे की उपमा?"

"पोहे," भाची म्हणाली. "शेंगदाणे जास्त."