आधी पाण्याचा अहवाल लावा, मग फिल्टरचे बोलू

मा. संपादक,


उन्हाळा तोंडावर आला की बुलढाणा, चिखली, मेहकरच्या गल्ल्यांतून फिल्टर विकणारे फिरू लागतात. त्यांचा प्रयोग ठरलेला आहे. एका पेल्यात घरच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडायची. मिनिटभरात नळाचे पाणी तपकिरी, मग काळपट होते. घरचे घाबरतात आणि तिथेच हप्ते ठरतात. पण तो गाळ नळाच्या पाण्यात नसतोच. पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि कांडीतले लोखंड सुटून गंज तरंगतो. यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तसेच काळे पडेल.

विक्रेत्याच्या हातातले पेनासारखे टीडीएस मीटरही फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जंतू त्याला कळत नाहीत. धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कमी असतात. बुलढाणा, चिखलीसारख्या घाटावरच्या शहरांत खरी भीती जंतूंची आहे. नळ बंद झाला की पाइपातला दाब जातो आणि फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत शिरते. नळ कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून आपण तेच पाणी ड्रममध्ये दिवसेंदिवस साठवतो. त्यावर उकळणे, क्लोरीनचे थेंब किंवा यूव्हीचा साधा फिल्टर पुरतो. क्षार काढणारे आरओ यंत्र मात्र लिटरभर शुद्ध पाण्यामागे बहुधा तीन लिटर मोरीत सोडते. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला हे परवडत नाही. टीडीएस लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओ नको, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच म्हटले होते.

घाटाखाली प्रश्न वेगळा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर तालुक्यांतली कित्येक गावे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतात. तिथे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. हे पाणी उकळले तर क्षार आणि नायट्रेट उलट दाट होतात. तुरटीनेही ते जात नाहीत. इथे आरओ खरोखर लागते, आणि इथल्याच मजुराला ते झेपत नाही. तो जार विकत घेतो. त्या जारवर तपासणीची तारीख मी कधी पाहिलेली नाही. वान धरणावरची 140 गावांची योजना याच भागासाठी आहे, पण नळ कोरडा पडला की माणूस पुन्हा बोअरकडेच वळतो.

शेगाव तालुक्यात 2025 च्या सुरुवातीला केसगळतीने गावे हादरली, तेव्हा पाण्याचे नमुने लगेच तपासले गेले. नायट्रेट आणि क्षार जास्त निघाल्याच्या बातम्या आल्या. पुढे संशय गव्हातल्या सेलेनियमवर गेला. म्हणजे मनावर घेतले तर तपासणी चटकन होते. मग त्यासाठी लोकांचे केस गळायची वाट का पाहायची?

‘ज्याला परवडते त्याने यंत्र घेतले तर बिघडले कुठे?’ असे कोणी विचारील. घेणाऱ्याला मी दोष देत नाही. नळावरचा विश्वास उडाला तो उगाच नाही. पण गावात ज्यांचा शब्द चालतो त्यांच्या घरी यंत्र बसले की फुटक्या पाइपाची तक्रार करायला कोणी उरत नाही. ते पाणी मग ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांच्या वाट्याला येते.

ग्रामपंचायतींना तपासणीचे किट मिळाले आहेत, प्रयोगशाळा आहेत, पाण्याच्या जोखमीनुसार हिरवे-पिवळे-लाल कार्डही दिले जाते. एवढे सगळे असून आपल्या नळात काय आहे हे घरच्या माणसाला कळत नाही. टीडीएस, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतूंचा अहवाल दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लागावा, शहरात तो नगरपालिकेच्या दारावर आणि पाणीपट्टीच्या बिलामागे छापून मिळावा. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरते की नाही, तेही त्यात असावे.

जिल्हा परिषदेने आणि नगरपालिकांनी हे या उन्हाळ्याआधी सुरू करावे. वाचकांनाही विनंती आहे: यंत्राची पावती फाडण्याआधी पंचायतीत किंवा पालिकेत जाऊन शेवटच्या तपासणीचा कागद मागा, आणि तो मिळाला नाही तर येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा.

आपला,
एक नळधारक, बुलढाणा