बारा रेघांचा माज

गेले दोन वीकएंड इथे काही लिहिलं नाही, कारण घरात काम काढलं होतं. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं फर्निचर. ज्यांनी घरात सुतार बसवलाय त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांनी नाही बसवला त्यांनी सुखात राहावं. :)

तर विषय आहे लेझर लेव्हल. हल्ली आपल्यासारख्या लोकांना (म्हणजे आठवडाभर लॅपटॉप आणि शनिवारी ड्रिल मशीन) हे खेळणं फार आवडायला लागलंय. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी विचारलं की "कुठलं घेऊ?", की उत्तरं तयार. ग्रीनच घे. बाराच्या खाली लाइन घेऊ नकोस. रिमोट पाहिजे, दोन बॅटऱ्या पाहिजेत. दहा जण बोलले, पण एकानेही विचारलं नाही की ते यंत्र मीटरमागे किती चुकतं आणि चुकतं हे तुला कळणार कसं.

मीही त्याच दहांतला. चार-साडेचार हजार मोजून बारा रेघांचं हिरवं यंत्र मागवलं. आलं त्या रात्री दिवे बंद करून सगळ्या भिंतींवर रेघा पाडल्या. बायको म्हणाली, "डिस्को झाला असेल तर जेवायला या."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकाकांनी वरची कपाटं लावून झाली होती. बारा फुटांची रांग. मी ओट्याच्या डाव्या टोकाला यंत्र ठेवलं, तोंड उजवीकडे. डावीकडे बरोबर, उजवीकडे पाच मिलीमीटर फरक! काका म्हणाले, "दादा, पाण्याच्या नळीने काढलंय. पाहिजे तर परत बघू." मी म्हणालो, "काका, हे लेझर आहे." जणू या वाक्यावर उत्तरच नसतं. त्यांनी खरंच काही उत्तर दिलं नाही. मी हिशेबातून दोन हजार कापले. वयाने माझ्या वडिलांएवढा माणूस पैसे मोजून खिशात घालून निघून गेला.

संध्याकाळी बाबांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. बाबांची नोकरी अंबडला टूलरूममध्ये गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "यंत्र तपासलंस का?"

"नवीन आहे ना, बाबा."

"नवीन म्हणजे बरोबर, असं कोण म्हणालं? आम्ही स्पिरिट लेव्हल हातात आली की आधी उलटीसुलटी करून बघायचो. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच जागी आला तरच कामाला लावायची."

मग हॉलमध्ये तपासलं. समोरासमोरच्या दोन भिंती, अंतर पाच मीटर. यंत्र पहिल्या भिंतीला चिकटून ठेवलं. जवळच्या भिंतीवर एक खूण, मग यंत्र वळवून समोरच्या भिंतीवर दुसरी. मग यंत्र समोरच्या भिंतीजवळ नेलं, त्याची उंची अशी जुळवली की रेघ बरोबर दुसऱ्या खुणेवर पडेल, आणि वळवून पहिल्या भिंतीवर पुन्हा खूण केली. यंत्र खरं असेल तर पहिली आणि शेवटची खूण एकावर एक यायला हवी. माझ्या दोन खुणांत १४ मिलीमीटर! या पद्धतीत चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणजे १४ भागिले १०, मीटरला १.४ मिलीमीटर. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. गुणाकार करा.. पाच मिलीमीटर. काकांची कपाटं सरळ होती. वाकडा मी होतो.

आता मूळ मुद्दा. या यंत्रांची जाहिरात ज्या गोष्टींवर होते त्यांचा अचूकपणाशी काही संबंध नाही. बारा रेघा म्हणजे काय? चारी बाजूंना फिरणारी तीन प्रतलं, एक आडवं आणि दोन उभी. प्रत्येकाच्या चार रेघा मोजायच्या की झाल्या बारा. हिरवा रंग? मान्य, हिरवा जास्त उठून दिसतो, कारण उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात तिखट असतो आणि लाल डायोड ६३५ च्या पुढेमागे. पण बारा बाय दहाच्या खोलीत पडदा ओढला की लालही नीट दिसतो, आणि बॅटरी सहसा जास्त वेळ टिकते. सोबत येणारा रंगीत चष्मा? तो रेघ ठळक दिसावी म्हणून असतो, डोळ्यांच्या संरक्षणासाठी नाही. तो घालून किरणाकडे बघू नका.

खरं काम करतो आतला लोलक. यंत्र थोडं तिरकं ठेवलं तरी तो गुरुत्वाकर्षणाने उभा राहतो, चुंबक त्याचं हेलकावणं थांबवतो. साधारण चार अंशांच्या आत हे जमतं. लोलक जिथे स्थिरावतो तिथूनच रेघ निघते. कुरिअरच्या प्रवासात किंवा स्टुलावरून पडून तो भाग जरा हलला की बाराच्या बारा रेघा एकसाथ खोटं बोलणार, आणि तेही झगझगीत हिरव्या रंगात.

म्हणजे शेवटी ओळंबाच! गवंडी दोरीला वजन बांधून जे बघतो तेच आपण डबीत बंद करून विकत घेतलं. आणि काकांची नळी? पारदर्शक नळी, आत पाणी, दोन्ही टोकं उघडी, दोन्हीकडे पातळी एकच. मध्ये बुडबुडा राहिला किंवा नळी मुडपली तरच फसवते, आणि ते डोळ्यांना दिसतं. लेझर बिघडलेलं डोळ्यांना दिसत नाही.

नाशिककराला हे वेगळं सांगायची खरं तर गरज नाही. गोदेला पूर आला की आपण काय विचारतो? दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? कमरेला, छातीला, गळ्याला. २००८ चा पूर असो की २०१६ चा की २०१९ चा, हे माप सगळ्या गावाला पटतं, कारण मारुती जागचा हलत नाही. मोजायचं तर आधी न हलणारी गोष्ट पाहिजे. ती आपल्याकडे आहे की नाही हे न बघता आपण आकडे फेकतो.

कुणी म्हणेल, तू लेझरच्याच विरोधात आहेस. अजिबात नाही. एकट्या माणसाला फोटोंची रांग लावायची, टाइल्सची पहिली ओळ आखायची, तर याच्यासारखं साधन नाही. नळीला दोन माणसं लागतात. माझं म्हणणं एवढंच:

१) घरासाठी एक आडवी, एक उभी रेघ पुरे.
२) खोक्यावर अचूकपणा लिहिलेला हवा. मीटरला ०.३ मिलीमीटर म्हणजे दहा मीटरला ३. घराला भरपूर झालं. लिहिलेलाच नसेल तर घेऊ नका.
३) लोलक लॉक करायची सोय हवी, आणि नेताना लॉक करायची आठवणही.
४) आल्याबरोबर वरची दोन भिंतींची चाचणी करा. पाच मीटरवर खुणांत ३ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर परत पाठवा. पडलं की पुन्हा चाचणी.
५) उभी रेघ दाराच्या चौकटीत ओळंब्याशी ताडून बघा. दोरी आणि एक जड नट, झाला ओळंबा.

आपण टेस्ट न केलेला कोड प्रॉडक्शनला टाकत नाही (बरं, शुक्रवारी संध्याकाळी टाकतो). मग न तपासलेलं यंत्र दुसऱ्याच्या रोजीवर कसं चालवतो? हातात डिग्री आणि लेझर असला की समोरच्याचा तीस वर्षांचा हात आपल्याला 'अंदाज' वाटतो. चुकीची किंमत आपण भरत नाही, तो भरतो. हा खरा माज.

यंत्र परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिडकोत काकांच्या घरी गेलो, दोन हजार दिले, माफी मागितली. काकांनी चहा पाजला. म्हणाले, "यंत्र चांगलं असतं दादा, मलाबी घ्यायचंय एक. फक्त तपासून द्या."

पुढच्या रविवारी दोघं मिळून दुकानात जाणार आहोत. नळी सोबत नेणार.