महाजाल आणि शाळेची तासिका

बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोडमधून ‘दीक्षा’ या शैक्षणिक मंचावरील पाठ भ्रमणध्वनीवर खेड्यातल्या विद्यार्थ्याच्याही हाती येतो, ही मोठीच सोय होय; परंतु त्याच भ्रमणध्वनीवर एखादा अपरिचित इसम गोड बोलून छायाचित्र मागतो आणि पुढे ते उघड करण्याची धमकी देतो, तेव्हा काय करावे, हे आमच्या वर्गांत क्वचितच शिकविले जाते. भ्रमणध्वनी जप्त करणे हा त्यावर इलाज नव्हे. त्या जप्तीच्याच भयाने मूल तक्रार दडपून ठेवते. बालकांसाठीचा १०९८ आणि आर्थिक फसवणुकीसाठीचा १९३० हे मदतक्रमांक त्यास मुखोद्गत असावेत, आणि मुख्य म्हणजे, ‘दोष तुझा नाही’ असे निःसंदिग्धपणे सांगणारा एक तरी शिक्षक त्याला लाभावा, यासाठी शिक्षण खात्याने वेळापत्रकात रीतसर तासिका मुक्रर करावी.