पाहणे हीही कृतीच

पाच ज्ञानेंद्रिये व पाच कर्मेंद्रिये ही आपल्या प्राचीन शास्त्रकारांची विभागणी सर्वपरिचित आहे. तीत त्वचा एका वर्गात मोडते आणि हात दुसऱ्या. वर्गीकरण म्हणून ती सोयीची असेल. परंतु संवेदनेचे वर्णन म्हणून ती टिकत नाही, आणि यंत्रमानवाच्या रचनेत तर ती घातकच ठरते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहावा. बिस्किटे कापण्याचे निरनिराळ्या आकारांचे साचे दृष्टीआड असलेल्या तळहातावर नुसते दाबले असता सुमारे ४९ टक्के वेळा आकार ओळखता आला. तेच साचे बोटांनी चाचपू दिले तेव्हा हे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले. बोटांची अग्रे तळव्याहून अधिक संवेदनाक्षम असतात, ही शंका रास्तच. पण तळव्यावरील साचा फिरवत ठेवल्यानेही ओळख बरीच सुधारली. त्वचेला आकार कळला तो हालचालीमुळे.

कीटकभक्षी वटवाघूळ याहून पुढे जाते. अंधारात ते स्वतःच ध्वनी पाठवते व त्याचा प्रतिध्वनी ऐकते. भक्ष्य शोधताना सेकंदाला दहाच्या आसपास असणारे हे ध्वनी झडप घालण्याच्या क्षणी दीडशेहून अधिक होतात. मात्र या विचारपुशीची किंमतही पडते: अनेक पतंगांना ते ध्वनी ऐकू येतात व ते दिशा बदलून निसटतात.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रुझेना बायची यांनी १९८८ च्या निबंधात यंत्रांसाठी हाच आग्रह धरला. कॅमेऱ्याने आपली दिशा व भिंग शोधाच्या गरजेनुसार बदलावे, असे त्यांचे म्हणणे. तरीही पुढील काळात यंत्रांना दृष्टी शिकवताना इतरांनी टिपलेल्या स्थिर चित्रांच्या प्रचंड संग्रहांवरच मोठी भिस्त ठेवली गेली. चित्रातील मांजर ओळखण्यास ते पुरेसे आहे. परंतु कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात माणसे शोधणाऱ्या यंत्राला, समोर अर्धवट दिसते तो हात आहे की कापडाचा बोळा, हे ठरवण्यासाठी वाकून पाहावे लागेल, एखादा दगड सारावा लागेल; आणि त्याच दगडावर वरचा सारा भार तोललेला असू शकेल. डोळा एका तज्ज्ञाकडे व हात दुसऱ्याकडे सोपवून हा विवेक यंत्राच्या अंगी बाणणार नाही. दोहोंची रचना आरंभापासून एकत्रच झाली पाहिजे, मग त्यापायी यंत्र काहीसे सावकाश चालले तरी हरकत नाही.