डाख द्यायला कोणती भाषा लागते?

घरच्या घरी दुहेरी सर्किट बोर्ड तयार करण्याची कृती मराठीत लिहिताच येणार नाही, असे मत हल्ली सुशिक्षित मंडळींकडूनच ऐकावे लागते. पुराव्याशिवाय काही मान्य न करण्याची माझी व्यावसायिक सवय येथे आडवी येते.

सोल्डरिंगचेच पाहू. आपले तांबट पिढ्यान्‌पिढ्या भांड्याला डाख देत आले. कल्हईवाला नवसागराने भांडे स्वच्छ करून मगच त्यावर कथील फिरवीत असे. बोर्डावरही तांब्यावरचा काळपट थर गेल्याशिवाय डाख धरत नाही. मात्र येथे नवसागराऐवजी राळ वापरतात, कारण नवसागरातील क्लोराइड मागे राहून बारीक तांबे खात जाते. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे यांचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो; निव्वळ कथिलाला २३२ अंश लागतात. यात मराठी कोठे अडली?

अडचण नामांची नाहीच. बोर्ड, टोनर, सॉकेट खुशाल राहोत. ‘मुद्रित परिपथ पट्टिका’ म्हटल्याने कोणाचा बोर्ड सुधारत नाही. क्रियापद मात्र आपले हवे. ‘शीर्षस्तराचे प्रतिबिंबन करावे’ असे भाषांतर हाती आलेला मुलगा बोर्ड फुकट घालवणार. त्याला सांगावे ते असे: लेसर प्रिंटरची छपाई इस्त्रीने तांब्यावर उतरवताना कागद पालथा पडतो, म्हणून वरच्या बाजूचे चित्र आरशात दिसते तसे उलटे छापायचे. खालच्या बाजूचे पडद्यावर दिसते तसेच, कारण संगणकावरील आराखड्यात ती बाजू बोर्डातून आरपार पाहावी तशी आधीच उलटी असते. मग दोन्ही कागद उजेडासमोर धरून खुणा जुळवायच्या, कडा चिकटवून पाकीट करायचे, बोर्ड आत सरकवायचा. जुळणी अर्धा मिलिमीटर हुकली, तरी एका बाजूने पाडलेले भोक दुसऱ्या बाजूच्या तांब्याच्या टिकलीबाहेर निघू शकते.

कारखान्यात भोकाच्या आतूनही तांबे चढवतात. घरी ते सहसा जमत नाही. भोकातून तारेचा तुकडा ओवून दोन्ही बाजूंनी डाख द्यायचा. सॉकेटखाली वरच्या बाजूस आयर्नचे टोक पोहोचत नाही, तेथे हा जोड सॉकेटबाहेर घ्यावा. (वापरलेले फेरिक क्लोराइड गटारात ओतू नये, त्यात विरघळलेले तांबे पाण्यातील जिवांना घातक असते.)

सीमाभागातील मराठी मुलाला पुढील शिक्षणात कन्नड भेटते, इंग्रजी भेटते; हातकामाचे मराठी त्याच्याशी बोलायला कोणी उरत नाही. आपण संविधानाचा अनुच्छेद ३५०-अ हिरिरीने पुढे करतो, आणि तो करायलाच हवा. परंतु १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला हा अनुच्छेद मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणापुरताच बोलतो. त्यापुढची पुस्तके लिहिण्यास कोणतेही न्यायालय कोणाला भाग पाडणार नाही.

बेळगाव, इंदूर, वडोदरा येथील मराठी ग्रंथालयांत कथासंग्रहांशेजारी आकृत्यांसह वीस पानांची अशी एक पुस्तिका सहज मावेल. लिहिणाऱ्याने आधी एक बोर्ड स्वतः करून पाहावा, एवढी माझी अट.