घाटातली माकडे आणि आपला सवाब

पावसाळा आला की भिवंडीतून सहलीच्या गाड्या निघतात. कुणी मुरबाडमार्गे माळशेजला जाते, कुणी नाशिक हायवेने कसाऱ्याकडे. घाटात कठड्यावर माकडे दिसली की गाडी थांबते आणि मुले खिडकीतून बिस्किटे, वेफर्स टाकतात. मुक्या जिवाला खाऊ घातले, सवाब मिळाला, असे आपल्याला वाटते. नियत नेक आहे; पण त्या घासाने माकडाचे काय होते, हेही पाहायला हवे.

काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. ज्याचे तोंड तांबूस आणि डोक्यावरचे केस टोपी घातल्यासारखे, ते आपले माकड. ही जात मूळची फक्त दक्षिण भारताची. तिची उत्तरेकडची हद्द आपल्या महाराष्ट्रात संपते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा तिला वाघ-बिबट्याबरोबर पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली.

जंगलात माकडांचा कळप दिवसभर फिरतो. फळे, कोवळी पाने, किडे खातो. गालातल्या पिशव्यांत फळे भरून माकड दूर जाते आणि सावकाश खाते. बिया तिथे पडतात, नवी झाडे उगवतात. माद्या जन्मभर आपल्याच कळपात राहतात. आई, मुली, मावश्या एकत्र. नर मोठे झाले की दुसऱ्या कळपात जातात.

रस्त्यावर आयते मिळू लागले की कळप रस्त्यालाच चिकटतो. पोटाशी पिल्लू धरलेली आई गाडीखाली येते. माणसाची भीती गेलेले माकड पिशवी हिसकावते, चावतेही. मग त्यालाच दगड बसतात. कोकणात आंबा-नारळाच्या बागा असलेल्या नातेवाइकांना विचारा. माकडांमुळे होणारे नुकसान त्यांना चांगले ठाऊक आहे. अशा माकडांची भीड आपण आणखी मोडू नये.

म्हणून घाटात गाडीच्या काचा वर ठेवा. उरलेले अन्न आणि प्लास्टिक घरी परत आणा. मुलांना माकडे दुरून दाखवा, पिल्लू कसे आईला बिलगते ते बघू द्या. माकड चावले किंवा ओरखडले, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा.

सवाबाचा घास मोहल्ल्यातल्या उपाशी घरी पोहोचवा. माकडाचे रिज्क अल्लाहने जंगलात ठेवले आहे. ते जंगल शाबूत राखणे, ही आपली खिदमत.