विश्लेषण : परदेशातल्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून जाताय? आधी हिंजवडी पाहा

हिंजवडीतल्या नोकरीतून वर्ष-दोन वर्षे रजा घ्यावी आणि आफ्रिकेतल्या किंवा आशियातल्या एखाद्या खेड्यात काम करावे, असे अनेक तरुणांच्या मनात असते. लसी, व्हिसा, विमा यांची तयारी नेटाने होते. गावात रुळण्याची तयारी मात्र राहून जाते आणि गाडी तिथेच अडते.

संधी कुठे आहे?

अमेरिकेची ‘पीस कोअर’ सर्वांना ठाऊक असते, पण ती फक्त अमेरिकी नागरिकांना घेते. १९७० मध्ये स्थापन झालेला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम भारतीयांना खुला आहे. त्यात पगार नाही, निर्वाहभत्ता मिळतो.

रुळायला इतका वेळ का लागतो?

पीस कोअरची नेमणूक साधारण २७ महिन्यांची असते. त्यातले पहिले सुमारे तीन महिने प्रशिक्षणात जातात आणि त्यात भाषेवर मोठा भर असतो. तीन महिने काहीच ‘डिलिव्हर’ करायचे नाही, हे आयटीतल्या कुठल्याही मॅनेजरला पटणार नाही. पण हे महिने वाया जात नाहीत.

याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी हेमलकशात काम सुरू केले तेव्हा मराठीचाही उपयोग नव्हता. माडिया शिकावी लागली. पदवी असूनही रुग्ण आपणहून येत नव्हते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम उभे केले. सुरुवातीला त्यांनी सिकलसेलचा अभ्यास केला, पण लोकांना त्या वेळी तो प्रश्न आपला वाटला नाही. पुढे आदिवासींना विचारून रुग्णालय उभे राहिले ते त्यांच्या घरांसारखे, दंतेश्वरी देवीच्या नावाने. संशोधक म्हणून कितीही तयारी असली, तरी गावाला काय हवे ते गावच सांगते.

म्हणूनच दोन-तीन आठवड्यांच्या परदेशी ‘स्वयंसेवा सहली’ मला फारशा पटत नाहीत. तेवढ्यात पाहुण्याला गावातली नावेही पाठ होत नाहीत.

अडचण कुठे येते?

वीज, पाणी, शौचालय यांची सवय महिनाभरात होते. जड जातो तो एकांताचा अभाव. दार लावून बसले की आजारी आहात का, म्हणून चौकशी होते. लग्न का नाही, पगार किती, असे प्रश्न रोजचेच. फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचे आडनावही माहीत नसलेल्यांना हे नको होते. गावाच्या दृष्टीने मात्र ही आपुलकी असते, शिवाय नव्या माणसाची पारखही.

याचा सराव हिंजवडीतच करता येतो. आयटी पार्क उभा राहिला तो हिंजवडी आणि माण या मुळशी तालुक्यातल्या गावांच्या जमिनीवर. चैत्रात इथे म्हातोबाची यात्रा भरते, बगाड निघते. कित्येक अभियंत्यांसाठी तो दिवस म्हणजे फक्त वाहतूककोंडी. बगाडाचा मान कोणाचा, जमिनी गेल्यावर घरे कशी चालली, हे एखाद्या आजोबांना विचारायला मराठी पुरते. तेही जमत नसेल तर परक्या भाषेत काय जमणार?

अर्ज करण्यापूर्वी काय विचारावे?

संस्थेला तीन गोष्टी विचाराव्यात. भाषा किती दिवस शिकवणार? राहायचे गावातल्या कुटुंबात की कुंपणाआडच्या वसतिगृहात? आणि हे काम गावाने मागितले आहे का? तिसऱ्या प्रश्नावर उत्तराऐवजी माहितीपत्रक हातात पडले, तर दुसरी संस्था शोधावी.